पितळेचा आवाज

दार अर्धवट उघडून नर्स म्हणाली, "मुलगी झाली. पायाळू आहे. दोघी बऱ्या आहेत." मला मधलं वाक्य तेवढं ऐकू आलं. आधीचं आणि नंतरचं माझ्यापर्यंत उशिरा पोचलं, आणि पोचलं तेव्हा लाज वाटली, की आपली कोकिळा बरी आहे हे आपल्याला सगळ्यात आधी ऐकू यायला हवं होतं. एकुलती एक मुलगी. पहाटेपासून आत कळा देत होती. बाकावर माझ्या एका बाजूला माझी बायको आनंदाबाई डोळे मिटून हात जोडून बसली होती, दुसऱ्या बाजूला चहाचा थर्मास मांडीवर घेऊन शेजारच्या वच्छलाबाई. वच्छलाबाईंनीही नेमकं मधलंच वाक्य उचललं. "आजोबाच्या वळनावर गेली म्हना की!" त्या मोठ्यानं हसल्या, आणि हसताना त्यांनी माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे पाहिलं. त्या पाहण्याची मला जन्मभराची सवय आहे. माणसं आधी माझे पाय पाहतात, मग नजर वर आणतात, आणि वर आणताना काहीतरी मागण्याची तयारी करतात. सवय असूनही मी पाय बाकाखाली ओढून घेतले. सरकारी दवाखान्याच्या त्या बोळात फिनेलचा वास होता. कुणीतरी संत्र्याची सालं खिडकीत ठेवली होती. मी त्या सालांकडे बघत राहिलो, आणि एकदम मला असं वाटलं की आतल्या खोलीत जी आत्ता आली तिच्यासाठी एक खोली आधीच तयार आहे. त्या खोलीला दार नाही. मी पासष्ट वर्षं तिथं राहतो आहे. आता आम्ही दोघं.

आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले, एवढाच माझा पराक्रम. केळझरकडच्या एका खेड्यात, सुइणीच्या हातावर. सुइणीनं ते त्याच दिवशी विहिरीवर सांगितलं. आईनं तिला एखादं लुगडं देऊन गप्प बसवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी फार वेळा केला आहे. बहुधा काही झालं नसतं. मी असाच बुजरा, पुस्तकात तोंड खुपसून बसणारा झालो असतो, पण माझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नसती. पायाळू माणसाला जमिनीखालचं धन दिसतं. हे तिकडे कुणी सिद्ध करत बसत नाही, जसं आंब्याला मोहर येतो हे कुणी सिद्ध करत बसत नाही. मी सातेक वर्षांचा असताना थोरले काका बापूराव मला अवसेच्या भर दुपारी एका पडीक वावरात घेऊन गेले. बरोबर तीन-चार माणसं आणि एक अनोळखी बाबा. त्यानं माझ्या डोळ्यांत अंजन घातलं. डोळे असे पेटले की ऊन हिरवं दिसायला लागलं. मला एका दगडावर बसवलं आणि सगळे माझ्याभोवती उकिडवे बसले. "काय दिसते?" काकांनी विचारलं. मी खाली पाहिलं. भेगाळलेली काळी माती, एक मुंगळा, माझेच पाय. "काईच नाई दिसत," मी म्हणालो. मला वाटलं काका रागावतील. पण त्यांनी आनंदानं त्या बाबाकडे पाहिलं, आणि बाबानं मान हलवली. "दिसलं त्याले. धनाच्या राखनदारानं जीभ धरली." त्या दिवशी त्यांनी दगडाखाली छातीएवढं खणलं. काही मिळालं नाही. पण मिळालं नाही यानं कुणाचं काही बिघडलं नाही. घरी परतताना काकांनी मला खांद्यावर घेतलं होतं, एखाद्या बंद पेटीसारखं. तेव्हा कळलं नाही, पुढे हळूहळू कळत गेलं: मी हो म्हटलं तर दिसलं, नाही म्हटलं तर दिसलं पण सांगत नाही, गप्प बसलो तर नक्कीच दिसलं. माझ्या तोंडून निघालेला कोणताही शब्द मला त्या दगडावरून उठवू शकत नव्हता.

मी उठलो तो वर्ध्याला. शिकलो, एका वाचनालयात चिकटलो आणि तिथंच निवृत्त झालो. वाचनालयात बोलावं लागत नाही, हे त्या नोकरीचं मोठं सुख. पण केळझरची माणसं वर्ध्याच्या बाजाराला येतात, आणि शब्द माणसांबरोबर एसटीनं प्रवास करतो. मी पिपरी मेघेला प्लॉट घेऊन फंडाच्या पैशात घरावर स्लॅब टाकला तेव्हा लोक म्हणाले, मास्तरला हंडा लागला. (मी कुठंही मास्तर नव्हतो. चष्म्यामुळे म्हणत असावेत.) नोकरीच्या शेवटच्या वर्षी वाचनालयात येणाऱ्या रेडिओच्या एका मासिकात मला त्या यंत्राची आकृती दिसली. काठीच्या टोकाला प्लायवुडची चकती, चकतीवर तांब्याच्या तारेचं वेटोळं, वर ट्रान्झिस्टरचा डबा, कानाला हेडफोन. कानात सारखी एक घूं चालू राहते. खाली धातू आला की ती बदलते. मी ती आकृती उतरवून घेतली, आणि स्टेशनरोडवर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या ताराचंदकडे बरेच दिवस खेटे घातले. "मास्तर, सोना लागलं तं आधा आपला," तो झाळ लावता लावता म्हणाला. सोनं नाही लागणार, मी म्हटलं. "सब यहीच बोलते हैं. ज्याले लागते तेच बोलते." मला त्याला सांगायचं होतं की मला सोनं नकोच आहे. लोकांना मी डोळ्यांनी पाहावं असं जे वाटतं, ते मला एकदा कानांनी ऐकून मोकळं व्हायचं आहे. यंत्र म्हणालं खाली काही नाही, तर कुणी म्हणणार नाही की राखणदारानं यंत्राची जीभ धरली. पण असलं वाक्य मला वेळेवर सुचत नाही. सुचतं तेव्हा मी घरी पोचलेलो असतो.

आमच्या ले-आऊटच्या मागे एक बंद पडलेलं जिन आहे. कधीकाळी तिथं यंत्रावर कापसातून सरकी वेगळी करायचे. आता धुराडं, दोन भिंती, आणि बाभळींनी भरलेलं अंगण. गेली काही वर्षं सकाळी ऊन तापायच्या आत मी तिथं जातो. हेडफोन घातला की कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही, आणि ऐकू न येण्यासाठी कारणही असतं. घूं, घूं. सुरुवातीला खिळे, सोड्याच्या बाटल्यांची झाकणं, बैलांच्या खुरांच्या पत्र्या सापडल्या. मग हळूहळू कान तयार झाला. लोखंडावर आवाज जाड होऊन खाली बसतो. तांब्या-पितळेवर तो बारीक होऊन वर चढतो, जशी कोकिळा लहानपणी रुसली की आवाज चढवायची. पहिला बिल्ला सापडला तेव्हा मी तो रुमालानं पुसून कितीतरी वेळ तसाच उकिडवा बसलो. पितळेचा, रुपयाएवढा, वर भोक, एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला जिनाच्या मालकाची दोन अक्षरं. गाडीवरून कापसाचा बोजा उतरवून आत नेला की दारावरचा मुनीम बाईच्या हातात एक बिल्ला ठेवायचा. संध्याकाळी ते परत देऊन मजुरी घ्यायची. हे मला आनंदाबाईनं सांगितलं. तिची आई त्या कामावर जायची, बिल्ले सुतात ओवून गळ्यात घालायची, आणि सूत तुटून बिल्ला पडला तर त्या दिवशी घरात कुणाशी बोलायची नाही. कधी भोकाचा पैसा सापडतो, कधी लहरी काठाची आणेली. एकदा एक तांब्याचा पैसा सापडला, त्यावरच्या राजाचं नाक झिजून गाल झालेलं. पण मला बिल्ले जास्त आवडतात. नाण्यात काहीतरी मिरवणं असतं. बिल्ला फक्त आकडा सांगतो. जो मुनिमानं ठोकून घेतला तोच आकडा, तितकाच अर्थ. कुणाच्याही हातात तो वेगळं काही होत नाही. मी ते बिस्किटाच्या डब्यात ठेवतो. "मोडीत देल्ले तं भात शिजवाले एक गंज येईन," आनंदाबाई म्हणते. रस्त्यावरून सायकलवाले ओरडतात, "मास्तर, भेटला का हंडा?" सुरुवातीला मी कुंपणाजवळ जाऊन त्यांना बिल्ले दाखवायचो. ते हातात घेऊन उलटेपालटे करत, एकमेकांकडे बघत. एकदा एक जण जाताना दुसऱ्याला म्हणाला ते हेडफोन गळ्यात असल्यामुळे मला ऐकू आलं: "हे दाखवायचे. बाकीचे घरी." त्या दिवसापासून मी दाखवणं बंद केलं, आणि बंद केलं म्हणून त्यांची खात्री पटली.

कोकिळा दवाखान्यात होती त्या दिवसांत मला यंत्राला हात लावावासा वाटला नाही. मी एकच वाक्य तयार करत होतो. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन मी आणि वच्छलाबाई एकाच सायकलरिक्षात बसलो. मांडीवर डबा, डब्यात गरम पेज, आणि रिक्षा खड्ड्यातून गेली की माझं वाक्य डुचमळत होतं. शेवटी दवाखान्याचं फाटक दिसायला लागल्यावर मी म्हणालो, "वच्छलाबाई, एक विनंती होती. मुलीचं ते कुणाला सांगू नका."

"कोनतं?"

"नर्स म्हणाली ते."

"पायाळू आहे ते?" त्या पूर्ण वळून माझ्याकडे बघायला लागल्या. "काऊन वं माय! चोरी केली काय लेकरानं?"

"तसं नाही. लोक मग पाठ सोडत नाहीत."

"तुमची कोनी पाठ धरली भाऊजी? सारं गाव तुमाले हात जोडते." त्यांना खरंच कळत नव्हतं. वच्छलाबाई वाईट नाहीत. आनंदाबाईचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर त्यांनी आमच्या घरी भाकरी पाठवल्या होत्या. त्यांनी पदराचं टोक दातात धरून थोडा विचार केला. "बरं. नाई सांगत. वच्छीच्या पोटातून गोठ निघत नाई. पन मंग एक डाव आमच्या गोठ्यात तुमची ते मशीन फिरवून द्या. सासरे मरतानी गोठ्याकडे बोट दाखवत होते. तीन बरसं झाली, माह्या डोळ्याले डोळा लागत नाई."

मी हो म्हणालो. काहीतरी देऊन काहीतरी थांबवता येतं असं वाटण्याचं ते समाधान होतं, आणि ते दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत टिकलं. कोकिळा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या सासरहून अजून कुणी आलं नव्हतं. सेलू काय दूर आहे, तासाभराचा रस्ता. मुलगी झाल्याचा निरोप गेला होता. जावयानं उलट निरोप पाठवला होता की दुकानात माल उतरायचा आहे. "बाबा, तिकडून कोनी आलं?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. तिनं पोरीच्या अंगावरचं फडकं नीट केलं, जे आधीच नीट होतं. मी त्या फडक्याकडे बघत होतो. टोकाला दोन तळवे बाहेर आले होते, लालसर, सुरकुतलेले, एकमेकांवर टेकलेले. मला ते झाकावेसे वाटले. कोकिळाच्या आवाजात काय होतं हे मी ऐकायला हवं होतं. मी पाय झाकले.

रविवारी सकाळी मी यंत्र घेऊन गोठ्यात गेलो. वच्छलाबाईंचे यजमान लक्ष्मणराव गाय बाहेर बांधून उंबऱ्यावर तंबाखू मळत बसले होते. "या मधुकरराव," ते म्हणाले. "मले तं वाटते बुढा बैलालेच रामराम करून राह्यला होता. बैलानं जवाब नाई देल्ला म्हनून गेला."

"तुमी चूप राहा हो," वच्छलाबाई म्हणाल्या. "त्याइले ऐकू द्या."

मी हेडफोन घातला. बाहेरचं जग बंद झालं, फक्त दोघांची तोंडं हलताना दिसत होती. शेणानं सारवलेली जमीन, मुताचा उग्र वास, कोपऱ्यातल्या कडब्यावर उन्हाचा एक पट्टा. घूं, घूं. दारापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून दारापर्यंत. काही नव्हतं, आणि मला हलकं वाटायला लागलं होतं. मग गव्हाणीजवळ आवाज चढला. लोखंडावर बसतो तसा बसला नाही. बारीक होऊन, सरळ, वर. जिनात बिल्ल्यावर चढतो तसा, पण बिल्ला एवढासा असतो. हा चकती हातभर सरकवली तरी उतरत नव्हता. मी पुढे गेलो, मागे आलो, पुन्हा पुढे गेलो. तीच जागा, तोच आवाज. मी वर पाहिलं नाही. वच्छलाबाईंची नजर माझ्या तोंडावर आहे हे मला मानेला कळत होतं. काही नाही म्हटलं तर काकांसारख्या त्या नवऱ्याकडे आनंदानं बघतील. आहे म्हटलं आणि खरोखर हंडा निघाला, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पिपरीला पायाळूचा पुरावा मिळेल, आणि मग एका पोरीबद्दलचं मौन कितीसं टिकेल? जन्मात पहिल्यांदा मला जमिनीखालचं काहीतरी कळलं होतं. ज्यांना कळू नये असं वाटत होतं ती दोन माणसं दोन हातांवर होती. मी हेडफोन काढला आणि म्हणालो, "लोखंड आहे. जुनं काहीतरी. खणण्यासारखं नाही."

"लोखंड तं लोखंड," लक्ष्मणराव उठले. "इचा जीव तं थंडा होईन." त्यांनी सब्बल आणली. मी थांबा म्हणेपर्यंत ती जमिनीत गेली होती. कोपरभर खोल गेल्यावर सब्बल कशावर तरी वाजली. वच्छलाबाई गुडघ्यावर बसून हातानं माती ओढायला लागल्या. त्यांच्या बांगड्यांत माती भरली होती. मग त्यांचा हात थांबला. वखराची पास, म्हणजे त्याचं पातं, होती. रुंद, सपाट, पुरुषाच्या हाताएवढी लांब, गंजून पापुद्रे सुटलेली. लोखंडाची.

ती उचलून बाजूला ठेवावी म्हणून मी वाकलो आणि कमरेत अशी उसण भरली की मी गव्हाणीला धरून तसाच राहिलो. वच्छलाबाई खड्ड्याशीच बसल्या होत्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी समजुतीनं म्हणाल्या, "तुमी लोखंड म्हटलं नं भाऊजी. म्हनून लोखंड झालं."

"अवं, मंग आता पितळ म्हनाले सांग त्याइले!" लक्ष्मणराव हसत सुटले. "अन् मंग चांदी, मंग सोनं. चढत चढत जाऊ दे."

"हासू नोका. धनाचे कोळसे होते, कोनाले मालूम नाई?" आणि मला हात देत, जपून उभं करत त्या म्हणाल्या, "तुमचा दोष नाई. मोठ्या मानसाच्या जबानीत दहा गोष्टी रायते. लहान लेकराच्या नाई रायत." त्यांनी पुढे काही म्हटलं नाही. दिलेला शब्द त्या पाळत होत्या. पण त्या कुठल्या लेकराबद्दल बोलत होत्या ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पुढचे दिवस मी भिंतीला पाठ लावून पडून होतो. आनंदाबाई विटेचा तुकडा तापवून फडक्यात गुंडाळून कमरेखाली सरकवायची. मी ते मासिकातून उतरवलेलं पान पुन्हा पुन्हा वाचत होतो. त्यात एका ओळीत म्हटलं आहे की लोखंडाचा तुकडा मोठा आणि सपाट असेल तर यंत्राला तो कधीकधी दुसऱ्या धातूसारखा ऐकू येतो. म्हणजे झालं. म्हणजे काहीच झालेलं नाही. मी ती ओळ वाचायचो, शांत व्हायचो, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरुवात व्हायची. मी पितळ ऐकलं होतं. मी लोखंड म्हणालो होतो. लोखंड निघालं होतं. या तीन गोष्टींमध्ये कुठेही काही जोडायची गरज नाही हे मला पुस्तकांनी शिकवलं आहे, पण पुस्तकं वाचायला शिकण्याआधी कुणीतरी माझ्या डोळ्यांत अंजन घातलं होतं. काकांच्या त्या वावरात मी काही नाही म्हणालो, आणि काही निघालं नाही. तिथं आधी काय होतं? मी बिस्किटाच्या डब्यातला एक बिल्ला काढून मुठीत धरायचो. आकडा बोटाला लागायचा. पण तोही माझ्याच हाताच्या उबेनं गरम झाल्यावर कुठे बिल्ला संपतो आणि कुठे तळवा सुरू होतो ते कळेनासं व्हायचं.

बारशाच्या दिवशी कोकिळाच्या सासूबाई, यशोदाबाई, सेलूहून आल्या. एकट्याच. जावई दुकानामुळे आले नव्हते. यशोदाबाईंनी पाळण्यात डोकावून पाहिलं, झबल्या-टोपड्याची पिशवी उशाशी ठेवली आणि पंख्याखाली जाऊन बसल्या. "पहिली बेटी, धनाची पेटी," त्या म्हणाल्या, जसं कुणाकडे सांत्वनाला गेल्यावर म्हणतात. "आमच्याकडे तीन पिढ्यात पहिली पोरगी नव्हती." आनंदाबाईनं घाईघाईनं सरबत पुढे केलं. वच्छलाबाई घुगऱ्या वाटत होत्या, त्यांनीही आवाज खाली आणला. पोरीला अजून यशोदाबाईंनी उचललं नव्हतं. मी दाराशी खुर्चीवर अवघडून बसलो होतो, आणि मला कोकिळा दिसत होती. बारा दिवसांत ती किती वाळली आहे ते मला तेव्हा दिसलं. ती सासूच्या हातांकडे बघत होती. ते हात ग्लासाभोवती होते, आणि तिथून निघत नव्हते. मग कोकिळा अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, पायाळू आहे ते."

मी वच्छलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी घुगऱ्यांचं ताट तसंच धरून दुसरा हात गळ्याला लावला आणि मान हलवली: मी नाही.

"काय म्हन्ते?" यशोदाबाईंनी ग्लास खाली ठेवला. "पाय पयले?"

"नर्सबाईनं सांगितलं. विचारा बाबाले."

"अन् आतापावतर सांगितलं नाई कोनी? निरोपात नाई सांगाव!" त्या उठल्या. पाळण्यापाशी आल्या. दोन्ही हात खाली घालून त्यांनी पोरीला उचललं, मांडीवर घेतलं, फडकं सोडलं, आणि तिचे दोन्ही तळवे आपल्या डोळ्यांना लावले. "माय वं, पाहा नं कशी पाहून राह्यली! वाडीतल्या विहिरीले जागा दाखवाले पानाड्या बरसभरापासून नखरे करते. आता घरचंच मानूस आलं. बापाले सांगतो, दुकान बंद कर अन् ये." कोकिळानं उशीला डोकं टेकलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू नव्हतं, हसण्याच्या आधीची मोकळीक होती. मला तिच्याजवळ जाऊन सांगायचं होतं की तू हे काय केलंस. पण ती खोली, जिला दार नाही, तिचं छप्पर मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. कोकिळा आपल्या मुलीला उन्हातून त्या छपराखाली घेत होती. तिच्यापाशी दुसरं छप्पर नव्हतं. आणि तिला दुसरं छप्पर कुणी द्यायला हवं होतं, तर ते मीच.

"व्याह्यांची कंबर धरली म्हने," यशोदाबाई म्हणाल्या. त्या आता सगळ्यांशी बोलत होत्या. "मंग बसले कायले? पायाळूचा पाय लागला की उसन रायते का? आना त्याइले." वच्छलाबाईंनी मला हात दिला. किती माणसं माझ्यापुढे पालथी पडली आहेत, वाचनालयाच्या व्हरांड्यात, एसटीच्या शेडमध्ये; मी चपला काढून, संकोचानं, त्यांच्या कमरेवर पाय टेकवला आहे आणि ती उठून बरं वाटलं म्हणाली आहेत. त्यांना खरंच बरं वाटायचं का, हे मला कधी कळलं नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मूल पोटात आडवं-उभं कसंही असतं, नर्सला विचारा, पुस्तकात चित्रं आहेत. वाक्यं या खेपेला वेळेवर आली होती, एकामागून एक. कोकिळा पोरीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मी पाळण्याची कड धरून वाकलो. यशोदाबाईंनी पोरीला उभं धरलं असावं. शर्टावरून कमरेला काहीतरी लागलं, इतकं हलकं की लागलं की नाही याची शंका यावी, आणि ऊन. एकदा, मग पुन्हा. मागे फक्त पंखा.

"बाबा," कोकिळानं विचारलं. "गेली?"

कळ जिथल्या तिथं होती. "गेली," मी म्हणालो. आणि पाळण्याची कड सोडून, सगळ्यांना नीट दिसेल असा, सरळ उभा राहिलो.